आठव्या डोक्याचा डावा डोळा

सापाला डोकी आठ, रंगवणाऱ्या आम्ही अकरा जणी.
मजुरी मात्र डोक्यावर नव्हती, तावावर होती.
पारदर्शक ताव. बोटाचा ठसा उमटला तर पैसे कापले जात.
पांढरे सुती हातमोजे, तीन बोटं कापलेले.
ब्रश टेकण्याआधी श्वास सोडायचा
आणि रंग कडेला पोचेपर्यंत परत घ्यायचा नाही.
बासष्ट सालचा हिवाळा, तोक्योच्या पश्चिमेला
मुळ्याच्या शेतांकडेची पत्र्याची लांबट खोली.

सगळं मागच्या बाजूनं रंगवायचं असतं,
त्यामुळे माझ्याकडचा डावा डोळा
पडद्यावर उजवा.

मी इझुमोकडची, फुसाए.
आमच्या खोऱ्यात हा साप कुणी गोष्टीत सांगत नाही,
नदीकडे बोट दाखवतात.
वर डोंगरात लोहवाळू धुतली की पाणी तांबडं उतरायचं,
पुरात त्याला आठ तोंडं फुटायची.
एखाद्या वर्षी खाचर जायचं, एखाद्या वर्षी गाय.
माझ्या थोरल्या बहिणीबद्दल मी त्या खोलीत
कुणाजवळ बोलले नाही.

चित्रपटातला देव गोल गालांचा, आईसाठी रडणारा,
स्वर्गातून हाकललेला.
म्हाताऱ्या जोडप्याच्या सात मुली गेलेल्या,
आठवीला तो कंगवा करून केसांत खोचतो
आणि सापापुढे दारूचे आठ हौद मांडतो.
रंगखात्याच्या उगाजिनबाई म्हणाल्या,
डोळे लाल, एकोणीस नंबरचा, चिरबोटीच्या फळासारखे,
जुन्या पोथीत तसंच लिहिलंय.
मी चिरबोटी पाहिली होती. त्यांनी बहुधा नंबरच पाहिला होता.

सात डोकी झिंगून पडतात. आठवं मागे रेंगाळतं.
ते माझ्या वाट्याला आलं, दोनशे बारा ते दोनशे चाळीस.
दोनशे एकतिसाव्या तावावर
खालच्या पापणीशी मी एक थेंब ठेवला.
कंगव्यातल्या मुलीच्या ओढणीचा निळा बशीत उरला होता, तोच.
पडद्यावर सेकंदाचा बारावा भाग.
का, ते मला तेव्हा विचारलं असतं
तर सांडला म्हणाले असते.
तपासनीस तीन रात्रींचा जागा होता.
साप पेंगत होता, तोही पेंगत होता.

मग ताव धुतले. पुढच्या चित्रपटात ससे होते
आणि नवे ताव महाग.
मागच्या अंगणात टब, गरम पाणी, साबणाची पूड.
माझा गठ्ठा माझ्याच हाती आला.
पाणी आधी हिरवं झालं, मग बराच वेळ तांबडं.

गेल्या शरदात गावच्या सभागृहात तो लावला.
सुरुवातीच्या पाट्यांत आमच्यापैकी एकीचंही नाव नाही,
नुसतं ‘रंगविभाग’, तेही भरभर सरकलेलं.
शेजारचा रेन्तारो माझ्या बाजूला भाताचा गोळा खात होता.
एक डोकं पडलं, चार पडली, सात.
मी श्वास सोडला आणि परत घेतला नाही.

चित्र दचकलं. साप एकदम झोपलेला.

यंत्रावरचे कादोवाकी वाकून वाकून माफी मागत राहिले.
फिल्म कधीतरी तिथे तुटली असणार,
चिकटवताना पाच-सहा चित्रं गेली,
काही विशेष नसेल म्हणा त्यांत.
नसेल, मी म्हटलं.

परतताना बांधावरून आलो. वर आता धरण आहे,
नदी घोट्याएवढी, तळातले गोटे मोजता येतात.
‘साप जागा का नाही झाला?’ रेन्तारोनं विचारलं.
मी म्हटलं, हातावरचा भात आधी खा.
कुंपणाशी चिरबोटी पिकली होती.
कागदी कंदील फाडून फळ काढलं,
देठाच्या भोकातून काडीनं बिया उकरल्या,
सालीला धक्का न लावता. हात अजून थरथरत नाहीत.
रिकामं फळ जिभेवर दाबलं की बेडकासारखं वाजतं.
ताकिनो एका श्वासात नऊदा वाजवायची, मी चारदा.

रेन्तारोचं पहिल्याच दाबात फुटलं.
माझ्या तोंडात दात आहेत थोडे, वाजली नुसती हवा.
तरी उभी राहिले, पाण्याकडे तोंड करून,
तो ‘चला ना’ म्हणेपर्यंत.